झडपांचा बदलता काल : मोटार-इंजिनातील एक जुना पेच आणि त्याची उकल

मोटारगाडीचे पेट्रोल इंजिन वरवर पाहता केवळ घन यंत्रभागांचे यंत्र भासते. दट्ट्या, संयोगदांडा, भुजादंड व दंतचक्रे यांच्या गती निश्चित भूमितीने परस्परांशी जखडलेल्या असतात. भुजादंड किती अंश फिरला हे कळले की इतर प्रत्येक भाग कोठे असेल हे अचूक सांगता येते. परंतु या यंत्रात प्रत्यक्ष कार्य करणारा पदार्थ वायू होय, आणि वायू भूमितीच्या आज्ञेत राहत नाही. त्याला वस्तुमान आहे, म्हणून जडत्वही आहे. त्याला चालू व्हावयास वेळ लागतो आणि थांबावयासही वेळ लागतो. यंत्रभागांचे घड्याळ कोनांत चालते, तर वायूचे घड्याळ सेकंदांत चालते. या दोन घड्याळांची गाठ ज्या ठिकाणी पडते ते ठिकाण म्हणजे सिलिंडरची झडप. ती कोणत्या क्षणी उघडावी व कोणत्या क्षणी मिटावी, हा प्रश्न अंतर्ज्वलन इंजिनाच्या जन्मापासून अभियंत्यांपुढे आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मात्र गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतच हाती आले. ‘व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या उत्तराचे तत्त्व व त्याची यंत्ररचना यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यापुढे या योजनेस आपण ‘परिवर्ती झडपकाल’ असे म्हणू.

१. झडपकाल म्हणजे काय

निकोलाउस ऑटो याने १८७६ साली यशस्वी करून दाखविलेले चार धावांचे चक्र वाचकांस परिचित आहेच. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जाताना हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत त्याचे संपीडन होते, तिसऱ्या धावेत ज्वलन होऊन तप्त वायू दट्ट्यास खाली रेटतो आणि चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर घालविला जातो. या चार धावांत भुजादंड दोन फेरे, म्हणजे ७२० अंश फिरतो, तर प्रत्येक झडप एकदाच उघडते. त्यामुळे झडपा उघडणारा कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरविला जातो. साखळी, दाती पट्टा अथवा दंतचक्रे यांनी हे दोन दंड एकमेकांस जोडलेले असतात. कॅमचा फुगवटा झडप ढकलून उघडतो आणि स्प्रिंग तिला पुन्हा मिटविते.

मिश्रण आत घेणारी ती आदान झडप व जळालेला वायू बाहेर टाकणारी ती निष्कास झडप. दट्ट्या ज्या दोन टोकांस क्षणभर स्थिर होतो त्यांस आपण शीर्षबिंदू व तळबिंदू म्हणू. आदर्श चक्राच्या आकृतीत आदान झडप बरोबर शीर्षबिंदूस उघडते व तळबिंदूस मिटते, आणि निष्कास झडप तळबिंदूस उघडून शीर्षबिंदूस मिटते. प्रत्यक्षातील कोणतेही वेगवान इंजिन असे बांधलेले नसते. सामान्यतः आदान झडप शीर्षबिंदूच्या काही अंश आधी उघडते व तळबिंदू ओलांडून चाळीस ते साठ अंशांनंतर मिटते. निष्कास झडप तळबिंदूच्या पुष्कळ आधी उघडते आणि शीर्षबिंदू उलटून गेल्यावर मिटते. म्हणजे शीर्षबिंदूच्या आसपास काही काळ दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात. या कालखंडास ‘परस्परव्याप्ती’ असे नाव देता येईल. उघडण्याच्या व मिटण्याच्या या चार कोनांच्या समुच्चयास झडपकाल म्हणतात.

२. दोन घड्याळांतील तफावत

हे चार कोन असे पुढेमागे का सारावे लागतात, याचे कारण एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर आणि संयोगदांड्याची लांबी १४० मिलिमीटर असलेले चार सिलिंडरांचे इंजिन घेऊ. त्याचे एकूण घनफळ सुमारे १.६ लिटर भरते. त्याची आदान झडप भुजादंडाच्या २४० अंशांइतका काळ उघडी राहते असे समजू.

मिनिटास १,००० फेरे या वेगास भुजादंड मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, म्हणून झडप ४० मिलिसेकंद उघडी राहते. मिनिटास ६,००० फेरे या वेगास तो मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो आणि तीच झडप जेमतेम ६.७ मिलिसेकंद उघडी राहते. कोन तोच राहिला, परंतु वायूला मिळणारा अवधी एकषष्ठांश झाला.

आता वायूची बाजू पाहू. आदान नळीची लांबी ४० सेंटिमीटर धरल्यास तीत उठणारी दाबतरंगाची लाट उघड्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास, ध्वनीचा वेग सेकंदास ३४० मीटर मानून, सुमारे २.३५ मिलिसेकंद लागतात. इंजिन सावकाश फिरो वा वेगाने, हा अवधी फारसा बदलत नाही. परंतु भुजादंडाच्या भाषेत तो १,००० फेऱ्यांस १४ अंशांएवढा, तर ६,००० फेऱ्यांस ८५ अंशांएवढा होतो. तरंग कोठे भेटणार हे जाणून झडप मिटवावयाची, तर दर वेगास निराळा कोन निवडावा लागेल हे उघड आहे.

जडत्वाचा परिणामही तसाच आहे. आदान नळीचे क्षेत्रफळ दट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या चतुर्थांश असेल, तर ६,००० फेऱ्यांस नळीतील वायूचा सरासरी वेग सेकंदास सुमारे ६४ मीटर आणि १,००० फेऱ्यांस सुमारे ११ मीटर येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पहिल्या स्थितीत वायूस्तंभाची ऊर्जा दुसऱ्या स्थितीतल्याच्या ३६ पट होते. दट्ट्या तळबिंदूस पोहोचून वर परतू लागला तरी वेगवान वायूस्तंभ आपल्याच जोराने काही काळ आत घुसत राहतो. मंद वायूस्तंभ मात्र तसे करू शकत नाही, तो वर येणाऱ्या दट्ट्याने मागे ढकलला जातो.

३. चार क्षण व त्यांच्या परस्परविरोधी मागण्या

उपरोक्त चार कोनांपैकी आदान झडप मिटण्याचा क्षण सर्वांत महत्त्वाचा होय. आपल्या उदाहरणातील इंजिनात तळबिंदूनंतर २० अंशांस दट्ट्या धावेच्या सुमारे २ टक्के वर आलेला असतो, ४० अंशांस ९ टक्के, ६० अंशांस २० टक्के व ८० अंशांस ३४ टक्के. झडप ६० अंशांस मिटणारी असेल, तर उच्च वेगास वायूचे जडत्व या २० टक्क्यांची भरपाई करून सिलिंडर पुरता भरू शकते. मंद वेगास मात्र एकपंचमांशाच्या आसपास भरणा आल्या वाटेने परत जातो आणि इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, तितकी घटते. याउलट झडप २० अंशांस मिटविली तर मंद वेगास भरणा चांगला होतो, पण उच्च वेगास आत येऊ पाहणाऱ्या वायूच्या तोंडावर दार लावल्यासारखे होते.

निष्कास झडप उघडण्याचा क्षण दुसऱ्या पेचाचा आहे. ती लवकर उघडली तर अद्याप कार्य करू शकणारा तप्त वायू वाया जातो. उशिरा उघडली तर दाब उतरण्यापूर्वीच दट्ट्या वर येऊ लागतो आणि त्याला त्या वायूशी झगडावे लागते. दाब उतरावयास ठराविक अवधी लागत असल्याने वेग वाढेल तसतशी ही झडप आधी उघडणे श्रेयस्कर ठरते.

उरलेले दोन क्षण, म्हणजे आदान झडपेचे उघडणे व निष्कास झडपेचे मिटणे, मिळून परस्परव्याप्ती ठरते. पूर्ण भार व उच्च वेग असताना बाहेर धावणारा जळका वायू आपल्या मागे निर्वात निर्माण करतो व ताज्या भरण्यास ओढून घेतो. अशा वेळी दीर्घ परस्परव्याप्ती लाभदायक असते. गाडी उभी असून इंजिन संथ चालू असताना मात्र आदान नळीतील दाब वातावरणाच्या दाबाहून पुष्कळ कमी असतो. तेव्हा दोन्ही झडपा उघड्या राहिल्या तर जळका वायू उलट आदान नळीत शिरतो, मिश्रण पातळ होते, ज्वलन अनियमित होते आणि इंजिन थरथरू लागते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन संथ चालीत धडपडते, त्याचे प्रमुख कारण हेच होय.

मध्यम भारास मात्र हाच दोष गुण ठरू शकतो. थोडा जळका वायू सिलिंडरात राहू दिला तर ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची निर्मिती तापमानावर अतिशय अवलंबून असल्याने ती लक्षणीय घटते. एकाच परस्परव्याप्तीस संथ चालीत दोष, मध्यम भारास औषध व उच्च वेगास आवश्यक गोष्ट ठरविणारी ही स्थिती प्रश्नाचे खरे स्वरूप दाखविते. कोणताही एक झडपकाल सर्व परिस्थितींत योग्य असूच शकत नाही.

४. पोलादात कोरलेली तडजोड

असे असूनही शतकाहून अधिक काळ बहुतेक सर्व मोटार-इंजिने एकाच झडपकालावर चालली. कॅमचा आकार घासून तयार झाला व कॅमदंड बसविला की चारही कोन कायमचे ठरले. मग रचनाकाराने एखादा वेग पसंत करावा व त्यास साजेसा कॅम निवडावा, एवढेच त्याच्या हाती उरे. शहरात फिरणाऱ्या गाडीस मंद वेगाचा कॅम मिळे व ती चढावर वा महामार्गावर धापा टाकी. शर्यतीच्या गाडीस उच्च वेगाचा कॅम मिळे व ती चौकात बंद पडे.

येथे एक ऐतिहासिक विरोधाभास नमूद करण्याजोगा आहे. बाष्पयंत्राच्या अभियंत्यांनी हाच प्रश्न आपल्या परीने पूर्वीच सोडविला होता. १८४२ साली रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या न्यूकॅसल येथील कारखान्यात तयार झालेल्या दुवायंत्रणेमुळे आगगाडीच्या चालकास वाफ किती धावेपर्यंत आत सोडावयाची हे चालू गाडीत ठरविता येऊ लागले. गाडी हलविताना वाफ दीर्घकाळ आत घ्यावयाची आणि वेग आल्यावर ती लवकर तोडून उरलेली धाव प्रसरणावर चालवावयाची, ही प्रत्येक कुशल चालकाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट होती. परंतु आगगाडीच्या इंजिनाची चाके मिनिटास काही शे फेरे घेतात, तर मोटारीचे इंजिन काही हजार. अशा वेगास झडपयंत्रणेत एखादा जास्तीचा सांधा घालणे म्हणजे वस्तुमान, झीज व कंप यांस आमंत्रण देणे होते. शिवाय भार व वेग सतत मोजून त्यानुरूप निर्णय घेणारा नियंत्रक उपलब्ध नव्हता. उकल लांबली ती यास्तव. तत्त्व ठाऊक होते, साधने नव्हती.

५. पहिला उपाय : कॅमदंडाची कला बदलणे

सर्वांत सोपा उपाय असा की कॅमचा आकार तसाच ठेवून, कॅमदंडाचे त्याला फिरविणाऱ्या दंतचक्राशी असलेले नाते थोडे सैल करावे. म्हणजे कॅमदंड दंतचक्राच्या तुलनेत काही अंश पुढे वा मागे सरकविता येईल. विक्रीसाठी बनविलेल्या मोटारीत ही योजना प्रथम आणली ती इटलीतील आल्फा रोमिओ या संस्थेने, १९८० साली, उत्तर अमेरिकेसाठी बनविलेल्या स्पायडर गाडीत. या आणि यानंतरच्या काही योजनांत कॅमदंड व दंतचक्र यांच्या दरम्यान मळसूत्री खाचांचा एक तुकडा असे. तेलाच्या दाबाने तो अक्षाच्या दिशेने सरकला की मळसूत्रामुळे कॅमदंड काही अंश फिरे. जर्मनीतील बीएमडब्ल्यू संस्थेने १९९२ साली व्हॅनोस या नावाने आणलेली यंत्रणाही याच जातीची होती. जपानच्या टोयोटा संस्थेने १९९५ साली व्हीव्हीटी-आय या नावाने आपली योजना आणली आणि तेव्हापासून कला दोनच स्थानांत न बदलता सलगपणे बदलण्याकडे कल वाढत गेला.

आज सर्वाधिक आढळणारी रचना पात्यांची आहे. तिचे वर्णन असे करता येईल. साखळीने फिरणाऱ्या चक्राच्या आत एक पोकळ घर असते व त्यात कॅमदंडास पक्का जोडलेला, तीन-चार पाती असलेला गाभा बसविलेला असतो. प्रत्येक पाते घरातील एका कोनाड्याचे दोन कप्पे करते. एका बाजूच्या कप्प्यांत तेल सोडले व दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांतून बाहेर जाऊ दिले की गाभा घराच्या तुलनेत पुढे सरकतो, आणि उलट केले की मागे सरकतो. दोन्ही बाजू बंद केल्या की तेल कोंडले जाऊन गाभा आहे त्या स्थितीत स्थिर राहतो. यासाठी लागणारे तेल म्हणजे इंजिनाच्या पंपाने येणारे नेहमीचे वंगण तेलच होय. ते कोणत्या बाजूस सोडावयाचे हे विद्युत्चुंबकाने सरकणारी एक लहान झडप ठरविते.

हे सर्व चालविणारा नियंत्रक इलेक्ट्रॉनिक असतो. भुजादंड व कॅमदंड या दोहोंवरील संवेदकांवरून त्यास कॅमदंडाची प्रत्यक्ष कला समजते. वेग, भार व तापमान यांवरून इष्ट कला कोणती हे तो आपल्या स्मृतीतील कोष्टकातून काढतो, आणि दोहोंतील अंतर शून्य होईपर्यंत तेलाचा प्रवाह बदलीत राहतो. प्रतिपोषणयुक्त नियंत्रणाचे हे एक सुबोध उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. इंजिन सुरू करताना तेलाचा दाब नसल्याने पाती सैल होऊन खडखडू नयेत, म्हणून एक खुंटी गाभ्यास घराशी जखडून ठेवते आणि दाब आल्यावरच ती मागे सरते.

या योजनेची मर्यादाही तिच्या तत्त्वातच आहे. आपल्या उदाहरणातील आदान झडप शीर्षबिंदूनंतर १० अंशांस उघडून तळबिंदूनंतर ७० अंशांस मिटते असे समजा. कॅमदंड भुजादंडाच्या मापाने ४० अंश पुढे सारला, तर ती शीर्षबिंदूपूर्वी ३० अंशांस उघडेल व तळबिंदूनंतर ३० अंशांस मिटेल. उघडे राहण्याचा एकूण काळ दोन्ही वेळी २४० अंशच राहिला. उघडणे व मिटणे ही जोडी एकत्रच सरकते. झडप किती काळ व किती उंच उघडावी, यांवर या योजनेचा अधिकार चालत नाही.

६. दुसरा उपाय : कॅमचा आकारच बदलणे

हा अधिकार मिळविण्याचा एक धीट प्रयत्न जपानच्या होंडा संस्थेने १९८९ साली इंटेग्रा गाडीत व्हीटेक या नावाने केला. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या दोन आदान झडपांसाठी दोन कॅम न ठेवता तीन ठेवले होते. बाहेरील दोन कॅम मंद वेगास अनुरूप व कमी उंचीचे, तर मधला कॅम दीर्घकाळ व अधिक उंच उघडणारा. प्रत्येक कॅमखाली एक आस भुजा असे. मंद वेगास झडपा बाहेरील दोन भुजांच्या आज्ञेत राहत आणि मधली भुजा आपल्या स्प्रिंगवर नुसतीच हलत राही. ठरलेला वेग ओलांडला की तेलाच्या दाबाने लहान खुंट्या सरकून तिन्ही भुजा एकमेकींस जखडल्या जात आणि त्या क्षणापासून झडपा मधल्या, उंच कॅमच्या आज्ञेत जात. निष्कास झडपांसाठीही अशीच व्यवस्था होती.

एकाच इंजिनात दोन स्वभाव नांदविण्याचा हा प्रकार होता. त्याचे फलही तसेच मिळाले. १,५९५ घन सेंटिमीटरच्या त्या इंजिनाने मिनिटास ७,६०० फेऱ्यांस १६० अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे १०० अश्वशक्ती. बाहेरून हवा कोंबणाऱ्या पंख्याची मदत न घेता रोजच्या वापराच्या गाडीने असे करणे त्या काळी विशेष होते, आणि तरीही संथ चालीत ते इंजिन शांत राही. मात्र ही योजना दोन पायऱ्यांची होती, मधल्या वेगांसाठी तिच्यापाशी तिसरा कॅम नव्हता. पुढे कलाबदल व कॅमबदल या दोन्ही योजना एकत्र आणून ही उणीव पुष्कळशी भरून काढण्यात आली.

७. थ्रॉटलचा भुर्दंड

येथपर्यंतचा विचार प्रामुख्याने शक्तीचा झाला. परंतु परिवर्ती झडपकालाचे अधिक दूरगामी महत्त्व इंधनाच्या काटकसरीत आहे, आणि ते समजण्याकरिता पेट्रोल इंजिनाच्या एका मूलभूत दोषाकडे वळले पाहिजे.

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण जवळजवळ ठराविक राखावे लागते. म्हणून कमी शक्ती हवी असल्यास इंधनाबरोबर हवाही कमी करावी लागते. हे काम आदान नळीतील थ्रॉटलची चकती वाट अडवून करते. परिणामी कमी भारास दट्ट्यास अर्धवट निर्वातातून हवा ओढावी लागते. नळीतील दाब ०.४ बार व निष्कास नळीतील दाब १ बारच्या किंचित वर असेल, तर दर चक्रास ०.६ बारहून अधिक माध्य दाबाइतके कार्य नुसते वायू आतबाहेर करण्यात खर्ची पडते. त्या वेळी इंजिनाकडून मिळणारा उपयुक्त माध्य दाब २ बार असेल, तर हा भुर्दंड त्याच्या चतुर्थांशाहून अधिक झाला. शहरातील गाडीचा बहुतेक काळ अशाच कमी भारात जातो हे ध्यानी घेतले म्हणजे या नुकसानीचे गांभीर्य कळेल. डिझेल इंजिनात शक्तीचे नियमन मुख्यतः इंधनाच्या प्रमाणाने होत असल्याने हा भुर्दंड जवळजवळ नसतो, आणि कमी भारास डिझेल काटकसरी ठरते त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

जी हवा थ्रॉटलने अडवावयाची तीच आदान झडपेच्या काळाने मोजून घेतली तर? या प्रश्नास दोन उत्तरे मिळाली. पहिले असे की झडप फारच लवकर मिटवावी. हवी तेवढी हवा आत आली की दार लावावे आणि दट्ट्यास उरलेली धाव बंद वायूचे प्रसरण करीत जाऊ द्यावे. प्रसरणास दिलेले कार्य परतीच्या धावेत बहुतांशी परत मिळते. बीएमडब्ल्यूने २००१ साली आणलेल्या व्हॅल्व्हेट्रॉनिक यंत्रणेत कॅम व झडप यांच्यामध्ये एक जादा तरफ असून विद्युत् मोटारीने फिरणारा एक विकेंद्री दंड तिचा टेकू सरकवितो. त्यामुळे आदान झडपेची उंची मिलिमीटरच्या अल्पांशापासून सुमारे १० मिलिमीटरपर्यंत सलगपणे बदलते. नेहमीच्या चालीत थ्रॉटलचे काम ही झडपच करते. इटलीच्या फियाट संस्थेने २००९ साली मल्टिएअर या नावाने कॅम व झडप यांच्यामध्ये तेलाचा स्तंभ ठेवला. हे तेल एका वेगवान विद्युत्-झडपेने सोडून दिले की कॅम अद्याप ढकलीत असतानाही आदान झडप मिटते.

दुसरे उत्तर याच्या उलट, म्हणजे झडप फार उशिरा मिटविण्याचे. आत आलेल्या हवेचा काही भाग वर येणारा दट्ट्या पुन्हा नळीत परत ढकलतो आणि उरलेल्यावरच संपीडन होते. आपल्या इंजिनाचे भूमितीय गुणोत्तर १३ ठेवले व आदान झडप तळबिंदूनंतर ८० अंशांस मिटविली, तर जडत्वाचा परिणाम बाजूस ठेवता, संपीडनाचे प्रत्यक्ष गुणोत्तर सुमारे ९ भरते. प्रसरण मात्र पूर्ण १३ पट होते. संपीडन कमी असल्याने अकाली स्फोटाची, म्हणजे ‘नॉकिंग’ची भीती आटोक्यात राहते, आणि प्रसरण दीर्घ असल्याने तप्त वायूतून अधिक कार्य निघते. जेम्स ॲटकिन्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात गुंतागुंतीच्या दांड्यांनी साधलेले हे उद्दिष्ट टोयोटाने १९९७ सालच्या प्रियस गाडीत केवळ झडपकालाने साधले. भरणा कमी झाल्याने इंजिनाची ओढ घटते हे खरे, परंतु त्या गाडीत जोडीला विद्युत् मोटार असल्याने ती उणीव भासत नाही. स्टीफन्सनच्या दुवायंत्रणेतील ‘वाफ लवकर तोडा व प्रसरणावर चालवा’ हाच नियम येथे निराळ्या वेषात पुन्हा भेटतो.

८. मर्यादा

या योजनांचे गुण गाताना त्यांची किंमतही नोंदविली पाहिजे. शीर्षबिंदूच्या आसपास झडप अधिक उघडी ठेवली तर ती वर येणाऱ्या दट्ट्यावर आदळण्याचा धोका असतो. म्हणून कॅमदंड किती पुढे सारता येईल यास दट्ट्याच्या माथ्याने घातलेली सीमा असते. तेलावर चालणारी यंत्रणा तेलाच्या स्वच्छतेवर व तापमानावर अवलंबून राहते. थंड व घट्ट तेलात ती मंद चालते, आणि तेल वेळेवर न बदलल्यास बारीक जाळ्या व वाहिन्या तुंबून ती अडकते. ज्या इंजिनात वंगण तेल केवळ घर्षण घालवीत होते, तेथे ते आता नियंत्रणाचे स्नायू झाले आहे. देखभालीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. तेलावरील हे अवलंबन टाळण्यासाठी टोयोटाने २००६ सालच्या लेक्सस गाडीत आदान कॅमदंडाची कला विद्युत् मोटारीने बदलण्याची सोय केली.

झडप उघडी राहण्याचा काळ सलगपणे बदलण्याचा प्रश्न बराच काळ अवघड राहिला. त्याचे एक उत्तर दक्षिण कोरियाच्या ह्युंडाई संस्थेने २०१९ साली दिले. त्यात कॅमचा केंद्रबिंदू सरकवून फेऱ्याच्या एका भागात त्याची गती मंद व दुसऱ्या भागात शीघ्र केली जाते. कॅमदंड अजिबात काढून टाकून प्रत्येक झडप स्वतंत्रपणे हवेच्या, तेलाच्या वा विद्युत्चुंबकाच्या बळाने चालविण्याचे प्रयोगही झाले आहेत. तथापि दर सेकंदास पन्नास वेळा उघडून दर वेळी बैठकीवर हळुवार टेकण्याचे काम कॅमचा गुळगुळीत आकार ज्या स्वस्ताईने व खात्रीने करतो, तशी खात्री देणे अन्य साधनांस सोपे गेलेले नाही.

समारोप

पाठ्यपुस्तकांत झडपकालाची जी वर्तुळाकार आकृती दिलेली असते, तिच्यातील अंश विद्यार्थी पुष्कळदा पाठ करतात. वरील विवेचनावरून दिसून येईल की ते अंश इंजिनाचे स्थिरांक नसून वेग व भार यांवर अवलंबून असणारी फले आहेत. एका विशिष्ट वेगासाठी काढलेली ती एक तडजोड होय. म्हणून अभ्यासकाने कोणताही झडपकाल पाहिला की प्रथम विचारावे, हा कोणत्या वेगासाठी व कोणत्या भारासाठी आहे? दट्ट्याच्या स्थितीचे समीकरण, वायूस्तंभाची गतिज ऊर्जा आणि तरंगाचा प्रवासकाल ही तीन साधने घेऊन कोणासही या प्रश्नाचे स्थूल उत्तर कागदावर काढता येते, आणि तसे ते एकदा तरी काढून पाहावे.

विजेवर चालणाऱ्या गाडीत झडपच नसते, आणि अशा गाड्यांचा प्रसार वाढत आहे. तरीही जोवर पेट्रोल जाळणारी इंजिने रस्त्यावर आहेत, आणि विद्युत् मोटारीच्या जोडीने चालणाऱ्या गाड्यांतून ती आणखी बरीच वर्षे राहतील असे दिसते, तोवर त्यांनी कमीत कमी इंधनात व कमीत कमी विषारी वायू सोडून काम करावे हे सर्वांच्याच हिताचे आहे. त्याची बरीचशी गुरुकिल्ली त्या काही मिलिमीटर उघडणाऱ्या दारापाशी आहे. ते दार प्रथम केवळ वायूस वाट देण्यासाठी होते. आता ते वायू मोजून घेते, त्याचे तापमान आवरते आणि त्याच्याकडून अधिक कार्यही काढून घेते.